गेटवरचा माणूस

नाशिक रोडला गुन्हेगारीची मालिका निवांतपणे बघता येत नाही. एकीकडे नोटांची आणि मुद्रांकांची प्रेस, दुसरीकडे मध्यवर्ती कारागृह, आणि मधून धडधडत जाणारा मुंबई-भुसावळ मार्ग. म्हणजे माल छापायला, तो पळवायला आणि पकडल्यावर पळवणाऱ्याला ठेवायला लागणारी सगळी सोय बिटको चौकापासून रिक्षाच्या टप्प्यात आहे. प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा निघतोच, ज्याची उभी नोकरी यांपैकी एखाद्या भिंतीआड गेली. तो टीव्हीसमोर येऊन बसला की बाकीच्यांचं बघणं संपलं.

आमच्या घरी हे काम मामांकडे आहे. मामा म्हणजे वहिनीचे मामा. इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली, पण वस्तू मोजायची सवय गेली नाही. ताटात वाढलेल्या पुऱ्याही ते नकळत मोजतात. कुठलीही मालिका लागली की त्यांचा अंगठा रिमोटच्या थांबवायच्या बटणावर असतो. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलेलं असो की बंदुकीचा चाप अर्ध्यावर दाबलेला असो, मामांना शंका आली की चित्र गोठलंच.

२०२३ च्या सप्टेंबरात 'स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी' आली. गणपतीच्या आधी पाच भाग, दिवाळीच्या तोंडावर उरलेले. देशातल्या इतर गावांसाठी ती मुद्रांक घोटाळ्याची गोष्ट होती. आमच्यासाठी ती घरातली गोष्ट होती, आणि घरातली गोष्ट चारचौघांत सांगायला लागलं कुणी की कान टवकारतात तसे आमचे टवकारले. १९२५ मध्ये इथं ही प्रेस उभी राहिली, तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. १९२८ मध्ये शेजारी नोटांची प्रेस आली. आमचं गाव वसलं, वाढलं ते या दोन कारखान्यांच्या पाळ्यांवर. शाळांच्या वेळा, दूधवाल्याच्या फेऱ्या, लग्नाच्या बाजारातला भाव, सगळं प्रेसच्या हिशोबानं चालायचं. 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढं म्हटलं की पुढची चौकशी उरकली, असे दिवस होते. आणि त्याच प्रेसमधली भंगारात काढलेली यंत्रं मिळवून अब्दुल करीम तेलगीनं खोटे मुद्रांक छापले, हे उघडकीस आल्यावर लग्नाच्या पंगतीत बसलेल्या मामांना कुणी ना कुणी हसत विचारायचं, "काय मामा, तुमच्याकडूनच गेलं ना यंत्र?" मामा भाताचं आळं करत राहायचे.

तर ही मालिका आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. समोरच्या बंगल्यातल्या काकूही यायच्या, कारण त्यांच्याकडे नेट चालत नव्हतं, किंवा तसं त्या म्हणायच्या. पहिल्या भागात गाडीच्या डब्यात फळं विकणारा, तोंडानं फटकळ, गोड बोलून गिऱ्हाईक बांधणारा पोरगा दिसला आणि काकू त्याच्या झाल्या. खानापूरचा पोरगा. बेळगावच्या पुढं, लोंढ्याच्या अलीकडे, आपल्या सीमाभागातला तालुका. बाजारहाट मराठीत चालते तिथली. काकूंचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे हा मनुष्य निम्मा त्यांच्या गावचाच झाला. तिसऱ्या भागापर्यंत त्यांची अवस्था अशी, की पोलीस दारावर आले की त्या पदर तोंडाशी धरून म्हणायच्या, "आता धरतात की काय बाई याला!" धरणार हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. २००१ च्या नोव्हेंबरात अजमेरला धरलंच होतं. तरीही.

पुतण्याची प्रतिक्रिया वेगळी. तो इंजिनिअरिंगला. त्याचं एकच पालुपद, "काय डोकं आहे राव!" यंत्र कसं मिळवलं, माणसं कशी हाताशी धरली, विकायला टाय लावलेली पोरं कशी नेमली, यातल्या प्रत्येक पायरीला तो दाद द्यायचा. मैफलीत जागा घेतल्यावर मान हलते तशी त्याची हलायची. मामा चौथ्यांदा ते वाक्य ऐकल्यावर एवढंच बोलले, "डोकं त्याचं. झडती आमची."

मी मालिकांबद्दल बरंच वाचतो, लोक काय बोलतात ते ऐकतो, पण या दोन वाक्यांएवढं नेमकं परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही. प्रेसमधून बाहेर पडताना रोज अंगझडती द्यावी लागते. पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत. हारतुरे घेऊन शेवटचं बाहेर पडतानाही. त्यात अपमान वाटून घ्यायचा नसतो, कारण ते कामच तसं आहे, हे तिथला माणूस मनाशी ठरवून टाकतो. पण ज्यानं ही सगळी भिंत पोखरली त्याचं पडद्यावर कौतुक होतं, आणि ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं हात वर करून झडती दिली त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा लक्षात राहील असा त्या गोष्टीत नसतो, याचं मामांना वाईट वाटलं. तेही त्यांनी सांगितलं नाही. मला त्या चार शब्दांत ऐकू आलं.

आता कौतुकाचं म्हणाल, तर ते त्या नटाचं करावंच लागेल. गगन देव रियार हे नाव आमच्या घरात त्याआधी कुणाला माहीत नव्हतं. रंगभूमीवरचा माणूस. शेक्सपिअरचं 'ट्वेल्थ नाइट' नौटंकीच्या अंगानं खेळणाऱ्या 'पिया बहरूपिया'त त्यानं धमाल केली होती. 'अ सुटेबल बॉय'मध्ये सज्जन प्राध्यापक झाला होता. तेलगीसाठी त्यानं अठरा किलो वजन वाढवलं. पण वजन काय, कुणीही वाढवील. (आमच्याकडे तर भूमिका न मिळताच वाढवतात.) त्यानं जे केलं ते अवघड होतं. त्याच्या आधी हर्षद मेहता येऊन गेला होता. २०२० च्या टाळेबंदीत 'स्कॅम १९९२' बघून प्रतीक गांधीच्या चालीवर, हसण्यावर पोरंटोरं फिदा झाली होती. हर्षद रुबाबदार, मोटारगाड्यांचा शौकीन, छाती काढून चालणारा. तेलगी पडला बसमध्ये शेजारी बसला तर लक्षातही येणार नाही असा. म्हणून पुष्कळांचं म्हणणं पडलं की याला 'ती' मजा नाही. माझं मत नेमकं उलट आहे. हर्षदची भूमिका नटाला उचलून धरते. तेलगीची भूमिका नटाला उचलून धरावी लागते. रियारचा आवाज फारसा चढत नाही. तो समोरच्याला धमकावत नाही, त्याची सोय बघतो. लाच देताना त्याच्या चेहऱ्यावर लग्नात आहेर करणाऱ्या माणसाचा संकोच असतो. तिथं अंगावर काटा येतो, कारण हा चेहरा आपण तालुक्याच्या कचेरीत, रजिस्ट्रारच्या दाराशी, कुठं ना कुठं पाहिलेला असतो आणि त्याला 'भला माणूस' म्हणून चहाही पाजलेला असतो.

काकूंची खरी पंचाईत पुढंच झाली. त्या गोतावळ्यात शशांक केतकर दिसला. काकू अडीच वर्षं 'होणार सून मी ह्या घरची' चुकवत नव्हत्या. त्यांच्या लेखी तो अजून श्रीच होता, जान्हवीचा श्री. "अगं बाई, हा कशाला गेला असल्यांच्यात!" असं त्या इतक्या कळवळून म्हणाल्या की मामांनी स्वतःहून चित्र थांबवलं. मग भरत जाधव दिसला. 'सही रे सही'त एकटाच चार माणसं होऊन प्रेक्षकांना लोळवणारा भरत. त्याला बघून वहिनी आधी हसली. तो हसण्यासारखं काही बोलला नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती जरा अवघडून नीट बसली. मराठी नटाला हे ओझं जन्माचं वाहावं लागतं. एकदा लोकांनी मनात एक खुर्ची दिली की उठून दुसऱ्या खुर्चीत बसायची सोय नाही. निळू फुल्यांसारखा सरळ, साधा, चळवळीतला माणूस. पण सिनेमातल्या सरपंचाचा आणि साखर कारखान्याच्या चेअरमनचा सगळा राग गावोगावच्या बायकांनी त्यांच्यावर काढला. त्याला आपण अभिनयाची पावती म्हणतो. पावती खरीच, पण दाम फार मोजून घेतलेली.

याच्या उलट बाजूला शिवाजी साटम. त्यांना लोकांनी खुर्चीतून उठूच दिलं नाही. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायचं तेव्हापासून दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि साटम ही जोडी आमच्या घरी येते आहे. १९९८ मध्ये 'सीआयडी' सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. हवेत बोटं फिरवणारे एसीपी प्रद्युम्न, दार तोडणारा दया, शंका घेणारा अभिजित. यातलं काहीही खऱ्या पोलीस ठाण्यात घडत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तरी खोटं म्हणून त्या मालिकेवर कुणी रागावलं नाही. मामासुद्धा 'सीआयडी' सलग बघायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं यंत्र दाखवत नाहीत ना." शिवाय साटम पूर्वी सेंट्रल बँकेत रोखपाल होते, हे मामांना माहीत आहे. म्हणजे या माणसानं कधी ना कधी आमच्याकडच्या नोटा मोजल्या असणार. मामांच्या दृष्टीनं तो खात्यातलाच.

मध्यंतरीच्या खंडानंतर 'सीआयडी' पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये मालिकेनं एसीपी प्रद्युम्नांना बॉम्बस्फोटात मारलं आणि वाहिनीनं रीतसर श्रद्धांजली दिली, फोटो आणि सालांसकट. त्या दिवशी काकूंना नगरहून बहिणीचा फोन. "गेले गं ते." कोण गेले, साटम की प्रद्युम्न, हे दोघींनाही नक्की सांगता येईना. साटम ठणठणीत होते. लोक वाहिनीवर असे काही भडकले, की पुढं प्रद्युम्नांना परत आणावं लागलं. मेलेला माणूस प्रेक्षकांनी आरडाओरडा करून उठवला. या धंद्यात पंच कोण आहे ते यावरून समजावं.

पण सगळेच मेलेले असे उठत नाहीत. 'देवमाणूस' लागायची तेव्हा मला हे फार टोचायचं. २०२० च्या ऑगस्टअखेर 'झी मराठी'वर सुरू झाली, रात्री साडेदहाला. टाळेबंदीत घरोघरी माणसं कोंडलेली, आणि त्यात हा गावाचा लाडका डॉक्टर एकेक बाई गाडतो आहे. वाईजवळ २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्यांवर ही गोष्ट बेतलेली. किरण गायकवाडनं काम असं केलं की बोलायची सोय नाही. 'लागिरं झालं जी'मधला भैयासाहेब निदान दिसायला तरी खलनायक होता. इथं त्याच माणसानं चेहऱ्यावर साय धरावी तशी माया धरली. आमच्या गल्लीतल्या बायका त्याला शिव्या घालायच्या, पण साडेदहाला भांडी तशीच ठेवून बसायच्या. सरू आजीच्या म्हणी दुसऱ्या दिवशी नळावर ऐकू यायच्या. तो पकडला जातोय असं वाटलं की आनंद व्हायचा, आणि सुटला की राग येण्याऐवजी उद्या काय म्हणून उत्सुकता. मीही त्यातलाच. पण मधूनच वाटायचं, वाईच्या त्या घरांत या वेळी टीव्ही चालू असेल का? असेल तर कुठल्या वाहिनीवर? आपण त्या घटनेपासून दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब आहोत म्हणून आपल्याला दाद सुचते. अंतर कमी झालं की प्रेक्षकाचा साक्षीदार होतो. तेलगीच्या वेळी आमचं तेच झालं.

अंतराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. त्या सप्टेंबरात आमच्या घरात जो गणपती बसला तो जेल रोडहून आणलेला होता. नाशिक रोड कारागृहात कैदी मूर्ती घडवतात आणि त्या विकायला ठेवतात. शाडूची मूर्ती, डोळ्यांची आखणी अतिशय निगुतीची, उजव्या हाताच्या बोटांवर नखंसुद्धा कोरलेली. वहिनी ते नख बघत बराच वेळ उभी होती. हे कोरणाऱ्यानं काय केलं असेल, हा प्रश्न तिच्या ओठांवर आलेला दिसला, पण तिनं तो गिळला आणि दुर्वा वाहिल्या. त्याच खोलीत, त्याच भिंतीला टीव्ही. त्याच्यावर रात्री तेलगी. याच तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. मालिकांमध्ये मात्र तुरुंग म्हणजे ठिबकणारं पाणी, काळोख आणि गजांवर आपटणारी काठी. मागच्या गल्लीत तुरुंगातून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. ते दर वेळी म्हणतात, "एवढा अंधार असता तर आम्ही मोजले कसे असते यांना? बराकीत रात्रभर दिवा असतो." रात्रभर उजेडात झोपायचं, हीच तिथली शिक्षा असते असं त्यांचं म्हणणं. एवढी साधी गोष्ट कुठल्याही दिग्दर्शकाला अजून का सुचली नाही, मला कळत नाही. काळोख स्वस्तात मिळतो म्हणून असेल.

मालिका जिथं संपते त्याच्या पुढंही काही घडलेलं असतं, पण तोवर प्रेक्षक दुसऱ्या मालिकेला लागतो. तेलगीला तीस वर्षांची सक्तमजुरी आणि दोनशे दोन कोटींचा दंड झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात बेंगळुरूच्या रुग्णालयात तो वारला, हेही. पण २०१८ च्या अखेरीस नाशिकच्या न्यायालयानं एका खटल्याचा निकाल दिला. आमच्याकडून रेल्वेनं जाणारे मुद्रांक वाटेत गायब झाल्याचा तो खटला. त्यात तेलगी आणि रेल्वे सुरक्षा दलातल्या लोकांसह इतर आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तेलगीला मरून तेव्हा वर्ष उलटलं होतं. इतर खटल्यांतल्या शिक्षांना यानं बाध येत नाही. पण मामांना विचारा, ते हाच निकाल आधी सांगतील. "मग आमच्या गाडीतून माल नेला कुणी?" याचं उत्तर दहा भागांत नाही आणि निकालपत्रातही नाही. पुतण्या म्हणाला, "मग क्लायमॅक्स काय?" मामांनी थांबवायचं बटण दाबलं. खरं तर तेव्हा टीव्ही बंद होता.

दुसरी एक गोष्ट मला या सगळ्याहून जास्त आवडते. २०२१ च्या जुलैत नोटांच्या प्रेसमध्ये हिशोब लागेना. पाचशेच्या नोटा, पाच लाखांच्या, कमी भरत होत्या. म्हणजे हजार नोटा. बाहेरून काडीचा मागमूस नाही. उपनगर पोलीस ठाण्यात तक्रार गेली, चौकशा झाल्या, सगळ्या नाशिक रोडला एकच विषय. चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे आपापला गुन्हेगार तयार होता. मालिका बघून बघून आम्ही एव्हाना तरबेज झालेलो. कुणी म्हणे बाहेरची टोळी, कुणी म्हणे आतला माणूस, पुतण्यानं तर भुयाराचीही शक्यता मांडली. आणि शेवटी निघालं काय? चोरी झालीच नव्हती. कामाच्या गर्दीत ती बंडलं नजरचुकीनं बाद नोटांबरोबर भोकं पाडून नष्ट करायला गेली होती, आणि ज्यांच्या हातून ते झालं ते भीतीनं गप्प बसले होते.

टपरीवर सगळ्यांचा विरस झाला. मामांचा नाही. त्यांना त्या गप्प बसलेल्या माणसांची झोप दिसत होती. रोज पाळीवर जायचं, चौकशी आपल्या अंगावरून जाताना बघायची, झडतीला हात वर करायचे, घरी येऊन जेवायचं, आणि सांगायचं कुणालाच नाही. चोरी केलेली नाही म्हणून निर्धास्त राहायचं, की नोटा आपल्याच हातून गेल्या म्हणून घाबरायचं? एवढं सगळं एका चेहऱ्यावर दाखवायला रियारसारखाच नट लागेल. आणि बघायला मामांसारखा प्रेक्षक.

तेव्हा मालिका लिहिणाऱ्यांना एक विनंती. घोटाळेबाज आता पुष्कळ झाले, त्यांची डोकी आम्ही पोटभर पाहिली. एकदा ही हजार नोटांची गोष्ट घ्या. खलनायक नाही, गोळीबार नाही, बारबाला नाहीत. खर्चही बेताचा येईल. तुरुंगाचा प्रसंग घातलात तर दिवा चालू ठेवा. आणि मोजणी दाखवताना घाई करू नका, मामा बटणावर अंगठा ठेवून बसलेले असतील.